सोळा पानं वाचलेला माणूस

त्या वाचनालयात अठ्ठावीस हजार पुस्तकं होती आणि त्यांतल्या निदान नऊ हजार पुस्तकांना बाइंडरचा हात लागलेला होता. हात लागला होता, डोळा नव्हे. ही गोष्ट त्याला स्वतःला चांगली ठाऊक होती आणि सव्वीस वर्षं त्याने ती कुणाला कळू दिली नव्हती.

त्याची खोली जिन्याच्या वळणावर होती. लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचा डबा, दोऱ्याची रिळं, आणि खिडकीपाशी दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांची रांग. कुणाचा पुठ्ठा निघालेला, कुणाचा कणा मोडलेला, कुणाच्या पोटातून सोळा पानांचा गठ्ठाच सुटून बाहेर आलेला. या सोळा पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. बाइंडर सुटलेला फर्मा हातात घ्यायचा, दुसऱ्या पुस्तकाची खळ वाळेपर्यंत वाचायचा, आणि मग जागच्या जागी शिवून टाकायचा. त्याचं वाचन ते एवढंच. शेकडो कादंबऱ्यांची मधलीच सोळा पानं त्याला माहीत होती. कुणीतरी कुणालातरी चिठ्ठी पाठवली, हे त्याला ठाऊक असायचं. चिठ्ठी पोचली की नाही, ते पुढच्या फर्म्यात असायचं, आणि पुढचा फर्मा घट्ट शिवलेला असायचा. शिवलेलं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं की दुसऱ्या पानावर त्याला जांभई यायची आणि चौथ्यावर मान खाली.

यावर त्याने एक सिद्धांत काढला होता. लोक जिथे पुन्हा पुन्हा पुस्तक उघडतात, तिथेच ते सुटतं. म्हणजे सुटलेला फर्मा हाच पुस्तकाचा खरा अर्क, बाकीचं भरताड. हा सिद्धांत म्हणजे आपल्या आळसाला शिवलेला कोट आहे, हे त्यालाही कळत होतं. पण मापात बसला होता, म्हणून तो वापरत होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ग्रंथपालबाईंच्या डोक्यात फळ्याची कल्पना आली.

दाराशी एक फळा लावायचा, त्याच्यावर तीन रकाने: वाचलं, पाहिलं, ऐकलं. दर महिन्याला वाचनालयातल्या एका माणसाने आपली अलीकडची निवड तिथे लिहायची. पहिला महिना बाईंनी स्वतः घेतला, दुसरा काउंटरवरच्या क्लार्कबाईने. तिसऱ्या महिन्याला बाई जिना चढून बाइंडरच्या खोलीत आल्या.

"आता तुम्ही," त्या म्हणाल्या. "लोकांना कळू दे, आमच्याकडे पुस्तकं शिवणारा माणूससुद्धा केवढा वाचतो ते."

नाही म्हणायची हीच वेळ होती. पण 'केवढा' हा शब्द त्याच्या कानाला इतका गोड लागला, की त्याने मान हलवली, आणि ती उभी हलली.

घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. ती हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही वाचता? अहो, विजेचं बिलसुद्धा मी वाचून दाखवते तुम्हाला."

"ते वेगळं," बाइंडर म्हणाला.

वेगळं म्हणजे काय, ते त्याला पुढे सांगता आलं नाही, म्हणून तो रागावल्याचा आव आणून कागद घेऊन बसला. 'पाहिलं'मध्ये त्याने एका कौटुंबिक सिनेमाचं नाव लिहिलं. तो त्याने मध्यंतरापर्यंत पाहिला होता. पुढे थिएटरातल्या गारव्यात त्याला फार छान झोप लागली होती. 'ऐकलं'मध्ये त्याने सकाळच्या शास्त्रीय संगीताबद्दल पाच ओळी लिहिल्या. शेजाऱ्याच्या घरी गजर म्हणून रेडिओ लागायचा आणि दोन मिनिटांत शेजारी तो बंद करायचा. त्या दोन मिनिटांवर या माणसाने पाच ओळी पाडल्या, आणि त्यात 'स्वरांची आराधना' असेही शब्द घातले.

राहिलं 'वाचलं'. गेल्याच महिन्यात त्याच्या हातात एका नावाड्याच्या कादंबरीचा फर्मा आला होता. कादंबरीचं नाव सांगत नाही, उगाच कुणी मागायला जायचं. त्या सोळा पानांत नावाडी एका शाळा तपासनीसाला आणि एका हट्टी शेळीला एकाच होडीतून नदीपार नेतो, भर प्रवाहात शेळी तपासनीसाचं पागोटं चावायला उठते, आणि सगळे पाण्यात पडतात. बाइंडर वाचताना एवढा हसला होता, की खळीच्या डब्यात त्याचा कोपर गेला होता. त्याने लिहिलं: 'नावाड्याची ही कादंबरी. पानोपानी हशा.' मग लेखणी हातात होतीच, म्हणून पुढे लिहिलं: 'आजारी माणसाला औषधापेक्षा गुणकारी.'

ही शेवटची ओळ त्याला आयत्या वेळी सुचली होती आणि सगळ्यांत जास्त आवडली होती.

चार दिवसांनी एक बाई फळ्यापुढे उभी राहून ती ओळ बोटाने वाचत होती. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. शिवणाच्या दुकानातून सरळ उठून आली असणार. क्लार्कबाईने जिना उतरून येणाऱ्या बाइंडरकडे बोट दाखवलं.

"हे तुम्हीच लिहिलंय?" टेलरबाईंनी विचारलं. "औषधाचं ते खरंय का?"

"ताई, डोळे मिटून न्या," बाइंडर म्हणाला.

त्यांचा नवरा बस चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी बस चालवतानाच छातीत दुखायला लागलं. बस नीट बाजूला लावली, ब्रेक ओढला, आणि मग आडवा झाला. आता घरीच पडून होता. हृदयाचं ऑपरेशन महिन्याभराने करायचं ठरलं होतं, आणि तोवर त्याला धक्का बसेल असं काही बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"घरात सगळं कसं चिडीचूप झालंय," टेलरबाई म्हणाल्या. "मी रोज थोडं थोडं वाचून दाखवीन म्हणते."

बाइंडरने स्वतःच्या हाताने पुस्तक काढून दिलं.

पंधरा दिवसांनी त्या मुदत वाढवायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा निराळाच होता. शेळीचं प्रकरण त्यांनी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं होतं. "हसून हसून उशी खाली पडली त्यांची," त्या म्हणाल्या. "तुमचे उपकार आहेत, भाऊ." बाइंडरची छाती अशी काही फुगली, की संध्याकाळी बायकोने विचारलं, पगारवाढ झाली का म्हणून. त्याने जेवताना तिला साहित्याचे फायदे समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि ताट उचललं.

फुगलेली छाती आठवडाभर टिकली. मग क्लार्कबाई त्याच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमचा तो कौटुंबिक सिनेमा. सासूबाईंना घेऊन गेले होते मी. मध्यंतरानंतर तीन खून झाले."

"तीन?" बाइंडर म्हणाला.

"तुम्ही पाहिलाय ना?"

त्याने मान हलवली. या वेळी ती धड उभीही हलली नाही आणि आडवीही नाही. क्लार्कबाई गेली, पण तिने त्याच्या मनात एक शंका सोडली. नावाड्याच्या कादंबरीची दुसरी प्रत खिडकीपाशी दुरुस्तीच्या रांगेतच होती. तिचा शेवटचा फर्मा लोंबत होता. लोकांनी शेवट पुन्हा पुन्हा वाचला असणार, हे त्याच्या सिद्धांतात बसत होतं. त्याने फर्मा हातात घेतला आणि उभ्यानेच वाचायला लागला.

नावाडी अंथरुणाला खिळला होता. छातीचंच दुखणं. बायको उशाशी बसलेली. बाइंडर वाचत गेला, तसतसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेराव्या पानाच्या तळाशी नावाडी मेला. साधा नव्हे, वाचणाऱ्याने हुंदका दिल्याशिवाय पुढे जाऊ नये असा मेला. बाइंडरने फर्मा टेबलावर उपडा ठेवला आणि स्टुलावर बसला. पुढचं वाचायची त्याच्यात ताकद नव्हती.

म्हणजे त्याने काय केलं होतं? ज्याला धक्का बसू द्यायचा नाही अशा माणसाच्या घरी त्याने हे पाठवलं होतं. तेही बायकोच्या तोंडून वाचून घ्यायला, ऑपरेशनच्या तोंडावर, आणि वर औषध म्हणून. बाईला जाऊन सांगावं? काय सांगावं? ताई, मी हे पुस्तक वाचलेलंच नाही? मग बाकीची तरी वाचलीत का, असं विचारलं तर? आणि ग्रंथपालबाई? त्याने आरशात न बघताही स्वतःचा चेहरा बघितला आणि त्याला तो मुळीच आवडला नाही.

दुसऱ्याच दिवशी टेलरबाई पुन्हा मुदत वाढवायला आल्या. वीसेक पानं उरली होती. "आता नावाडी जरा आजारी पडलाय," त्या म्हणाल्या. "उठेल ना तो?"

हा खरं बोलायचा क्षण होता आणि बाइंडरने तो काउंटरवरून खाली पडू दिला.

"शिवण सैल दिसतेय," तो पुस्तक हातात घेऊन म्हणाला. "दुरुस्त करून देतो. उद्या या."

त्याने दार लावून घेतलं. सव्वीस वर्षांत त्याने पुस्तकांना पानं जोडली होती, एकही काढलं नव्हतं. आता त्याने पुठ्ठा सोडवला, शेवटच्या फर्म्याचे टाके एकेक करून कापले, फर्मा बाहेर काढला, बाकीचं पुन्हा शिवलं आणि वर कोरा कागद चिकटवला. अर्धा तास लागला. काम सुबक झालं, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. काढलेला फर्मा त्याने खाकी पाकिटात घालून खणात टाकला. मग त्याच्या लक्षात आलं, की आता पुस्तक 'सकाळी नावाड्याने डोळे उघडले आणि' इथे संपतंय. हल्लीच्या कादंबऱ्या म्हणे अशाच संपतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याने हल्लीची एकही कादंबरी संपवली नव्हती, त्यामुळे त्याला विरोध करायला कुणी नव्हतं.

पाच दिवसांनी टेलरबाई थेट त्याच्या खोलीत आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं, शेवटचं पान उघडलं आणि कण्याच्या आतल्या बाजूला नख टेकवलं.

"हे कुणी उसवलं?"

"जुनं पुस्तक आहे, ताई. पानं गळतात..."

"भाऊ, फाटलेलं वेगळं दिसतं आणि उसवलेलं वेगळं. मी तीस वर्षं शिवतेय. हा दोरा नवा आहे, टाका ताजा आहे, आणि उसवणाऱ्याचा हात चांगला आहे. त्या हाताचा माणूस या इमारतीत एकच आहे."

बाइंडर ततपप करायला लागला. धाग्याची जात, हवेतला ओलावा, वाळवी, एवढ्या सगळ्यांवर त्याने खापर फोडून पाहिलं. टेलरबाई शांतपणे ऐकत राहिल्या, एखादं गिऱ्हाईक आपली कंबर वाढली नाही असं सांगताना ऐकावं तशा. शेवटी त्याने खण उघडला आणि पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला त्रास नको म्हणून," तो म्हणाला.

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. "ते मला विचारतायत, पुढं काय झालं. मी म्हटलं, पानं गेलीत. तर म्हणाले, ज्याने नेली त्यालाच बोलाव. तुम्हीच चला आणि तुम्हीच सांगा. मला आता नाही जमत."

बाइंडर पुस्तक आणि पाकीट काखोटीला मारून निघाला. सुई, दोरा आणि दाभण त्याने का खिशात टाकलं, ते त्यालाही कळलं नाही. रिकाम्या हाताने जायची भीती वाटली, एवढंच. रस्ताभर तो मनातल्या मनात भाषण तयार करत होता. टेलरबाईंच्या दुकानापाशी पोचेपर्यंत त्याची तीन भाषणं तयार झाली होती, आणि दुकानामागच्या राहत्या खोलीत शिरताच तिन्ही विसरली.

खिडकीशी पलंग होता. ड्रायव्हर उशांना टेकून बसला होता आणि समोरच्या थांब्यावरची बस बघत होता. "चार मिनिटं लेट," तो म्हणाला, आणि मग मान वळवली. "या. पानं आणलीत?"

"आणली, पण त्याचं असं आहे..."

"बसा आधी." त्याचा आवाज बारीक होता, पण आत चीड होती. "साहेब, माझं ऐका. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन हिच्याशी बोलतात. ही स्वयंपाकघरात जाऊन मुलीशी फोनवर बोलते. मुलगी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते. तीन महिने होत आले, या घरात माझ्याशी कुणी पुरतं वाक्य बोललेलं नाही. एक ते पुस्तक बोलत होतं. तेही तुम्ही 'आणि'वर तोडलंत."

टेलरबाई दारात उभ्या होत्या.

बाइंडरला वाटलं, जमीन दुभंगावी. जमिनीने काही केलं नाही, म्हणून त्याने तोंड उघडलं. "मी ते वाचलेलंच नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"पुस्तक. मी लिहिलं फळ्यावर, पण वाचलं नव्हतं. शेळीचीच तेवढी सोळा पानं वाचली होती. माझं सगळं असंच आहे. सिनेमाही अर्धाच. गाणं तर दोन मिनिटं." एकदा सुटल्यावर त्याला थांबता येईना. "सव्वीस वर्षांत मी एक पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही, आणि आजारी माणसाला औषध म्हणून लिहून दिलं. मला माफ करा."

ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. हसता हसता छातीवर हात धरला, तशी टेलरबाई पुढे धावल्या, पण तो हाताने नको नको म्हणाला. "म्हणजे रूट न बघता गाडी काढलीत," तो म्हणाला. "आणि वर पॅसेंजर भरले!"

हसू ओसरलं. "मरतो ना तो?" त्याने विचारलं.

बाइंडरने टेलरबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. "मरतो," तो म्हणाला.

"मग वाचा. कसा मरतो ते कळू दे."

बाइंडरने पाकीट उघडलं. मोठ्याने वाचायची सवय नव्हती. पहिली दोन पानं तो शाळेत धडा म्हणायला उभं केल्यासारखा अडखळत वाचत होता. मग हळूहळू विसरला, की आपण वाचतोय. नावाडी खिडकीतून येणारा नदीचा आवाज ऐकत पडायचा. बायको खोटं बोलायची, पाणी उतरलंय म्हणून. पाणी चढलेलं त्याला आवाजावरून कळायचं, पण तो तिला हो म्हणायचा. तेराव्या पानाच्या तळाशी आल्यावर बाइंडर थांबला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. पलंगावरच्या आजारी माणसाने स्वतःच्या उशाचा पाण्याचा तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला.

"घ्या. आणि पुढं?"

"पुढं मला ठाऊक नाही," बाइंडर म्हणाला. "मी इथपर्यंतच वाचलं होतं."

"अहो, आतासुद्धा?" टेलरबाई एकदम ओरडल्या.

तीन पानं उरली होती. बाइंडरने ती वाचली, आणि ती त्या खोलीत तिघांनाही सारखीच नवी होती. नावाड्याची बायको होडी घेऊन निघते. काठावरचा एकही माणूस तिच्या होडीत बसायला तयार नसतो, म्हणून ती रिकामीच नेते. होडी मधोमध जाऊन गरागरा फिरायला लागते. आणि ती वल्हं आपटून मेलेल्या नवऱ्यावर ओरडते, की इतकी वर्षं शेजारी बसवलंस, पण आधी कुठल्या हाताने ओढायचं तेवढं सांगून गेला नाहीस. आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं, तर तुला कळलं असतं, तुझं मरण मला दिसतंय ते. ओरडून ओरडून थकल्यावर ती गप्प बसते. मग एक हात, मग दुसरा. होडी पैलतीराला लागते की नाही, ते लेखकाने लिहिलेलं नव्हतं, पण कादंबरी तिथे खरोखरच संपत होती. बाइंडरने पान उलटून खात्री करून घेतली.

टेलरबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. गळ्यातली मोजपट्टी त्यांनी बोटाला गुंडाळून गुंडाळून संपवली होती.

"मलाही तुम्ही काही सांगत नाही," त्या म्हणाल्या.

"तू विचारतेस कुठे?"

"विचारलं की तुम्हाला वाटेल, हिने आशा सोडली."

"वाटू दे. विचार."

बाहेर थांब्यावर एक बस आली आणि गेली, आणि ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं नाही.

"भीती वाटते का हो?" त्यांनी विचारलं.

"वाटते," तो म्हणाला. "रोज वाटते. तुला?"

"मला तुमच्यापेक्षा जास्त."

मग ती दोघं बोलायला लागली. हळू आवाजात, पण पुरती वाक्यं. उठून जावं की बसावं, ते बाइंडरला कळेना. शेवटी तो शिवणयंत्राच्या स्टुलावर त्यांच्याकडे पाठ करून बसला, खिशातून सुई-दोरा काढला आणि फर्मा पुस्तकाला परत शिवायला घेतला. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, त्यामुळे पहिला टाका त्याचा दोनदा चुकला.